रिंगेची खूण

शाळेच्या वार्तापत्रासाठी पालकांनीही काही लिहावे असे सरांनी सभेत सांगितले, तेव्हा मी मागच्या बाकावर बसून खाली मान घातली होती. मी काही लेखिका नाही. या शाळेची माजी विद्यार्थिनी आणि आता एका विद्यार्थिनीची आई, एवढीच माझी ओळख. पण घरी आल्यावर मुलगी म्हणाली, "आई, विठोबाच्या चित्राचं लिही की. आणि ते लपवलेलंसुद्धा लिही." लपवलेलेसुद्धा लिहायचे, म्हणून हा लेख लिहिते आहे. भरतकामाविषयी आहे, पण भरतकाम न करणाऱ्यांनीही वाचावा अशी विनंती आहे.

आमच्या घरात एक पत्र्याची पेटी आहे. ती माझ्या आत्याची. आत्याचा जन्म 1947 चा. तेव्हा आपला बीदर जिल्हा हैदराबाद संस्थानात होता, आणि उदगीर हा त्याच बीदर जिल्ह्याचा तालुका होता. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली. उदगीर मुंबई राज्यात गेले आणि आपला जनवाडा म्हैसूर राज्यात आला. आत्या तेव्हा नऊ वर्षांची होती. पुढे तिचे लग्न उदगीरकडे झाले. ती नेहमी म्हणते, "गाव तेवढंच दूर होतं माय, मधी राज्य आलं." नवरा लवकर गेल्यावर ती पुन्हा जनवाड्याला, आमच्याकडे राहायला आली. येताना तिने जे आणले त्यात ही पेटी होती, आणि पेटीत होता एका चौकटीच्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी काढलेला विठोबा. एक चौकोन म्हणजे एक फुली.

1984 साली आत्याने तो विठोबा मॅटीच्या कापडावर भरायला घेतला. मी तेव्हा तिसरीत होते. रात्री जेवणे उरकली की ती भिंतीला टेकून बसायची, रिंग गुडघ्यावर ठेवायची आणि ओठांतल्या ओठांत घरे मोजायची. मी मध्ये बोलले की तिची मोजणी चुकायची आणि ती हसून म्हणायची, "झालं, विठोबाचं एक बोट वाढलं!" मग एक दिवस आजोबा आजारी पडले. त्यानंतर शेत, जनावरे, दवाखान्याच्या फेऱ्या. चित्र पेटीत गेले ते गेलेच.

2021 च्या दिवाळीची साफसफाई करताना मी पेटी उघडली. 37 वर्षे झाली होती. आत्याला काचबिंदू झाला आहे, गेली काही वर्षे तिला उजेड आणि सावली एवढेच कळते. मी कापड उलगडले आणि माझ्या काळजात चर्र झाले. चित्राला रिंग तशीच लावलेली होती. आठ इंची लाकडी रिंग, वर लोखंडी स्क्रू. रिंग काढली तर खाली एक तपकिरी गोल उठलेला. अर्धा गोल कोऱ्या कापडावर, अर्धा विठोबाच्या तुळशीच्या माळेवरून गेलेला. स्क्रूच्या जागी गंजाचा डाग. आणि रिंगेच्या आतले कापड इतकी वर्षे ताणून राहिल्याने सैल पडलेले, तिथली चौकोनी घरे तिरकी झालेली.

मी पट्टी लावून मोजले. एका इंचात 11 घरे. आत्याच्या कागदावर आडवी 154 आणि उभी 220 घरे, म्हणजे 14 इंच रुंद आणि 20 इंच उंच चित्र. सगळी घरे भरायची तर 33,880 फुल्या. आत्याने वरच्या 80 ओळी पुऱ्या केल्या होत्या, म्हणजे 12,320 फुल्या. मुकुट, चेहरा, खांदे झाले होते. कमरेवरचे हात आणि वीट राहिली होती. 21,560 फुल्या बाकी. रोज संध्याकाळी 150 फुल्या घातल्या तर 144 दिवस. एवढे तर करता येईल, असे मला वाटले. शाळेत असताना शिवणाच्या तासाला मी रुमालावर फुल्या घातल्या होत्याच की!

आता माझी चूक सांगते.

गंजावर लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवावे, हा आपल्याकडचा जुना उपाय. पांढऱ्या सुती कापडावरचा गंज त्याने निघतोही. पण हे पांढरे कापड नव्हते. यात 37 वर्षांपूर्वीचे रंगीत धागे होते आणि ते पक्क्या रंगाचे आहेत की नाहीत हे मी तपासले नाही. तपासणे किती सोपे होते! ओला पांढरा कपडा धाग्यावर दाबून धरायचा, रंग कपड्याला लागला तर धुवायचे नाही. मी ते केले नाही. लिंबू पिळले, मीठ चोळले आणि ओट्यावर ठेवून दुसऱ्या कामाला लागले. परत येऊन बघते तर उपरण्याचा लाल रंग सुटून पिवळ्या भागात उतरला होता. गंजाचा डाग मात्र थोडासाच फिका झाला होता.

आत्या बाहेर ओसरीवर बसली होती. तिला काहीच दिसत नव्हते. मी तिला काहीच सांगितले नाही.

मी ठरवले की बिघडलेला भाग उसवायचा आणि नवीन धाग्याने भरायचा. आत्याला कळायचे कारण नव्हते. मोजून 640 फुल्या उसवल्या. उसवताना आत्याच्या बारीक, एकसारख्या फुल्या एकेक करून निघत होत्या आणि माझी मुलगी समोर बसून बघत होती. ती तेव्हा आठवीत होती. ती म्हणाली, "आत्याआजीला सांगायचं ना?" मी म्हटले, "भरून झालं की सांगू." तिने पुन्हा विचारले नाही, पण त्या दिवशी ती माझ्याशी फारशी बोललीही नाही.

मी घाईघाईत ते 640 टाके हातात धरूनच भरले. रिंग लावली नाही. रिंगेनेच तर सगळे बिघडवले असे माझ्या मनात बसले होते. आठ-दहा दिवसांत काम झाले. लांबून छान दिसत होते. मी चित्र आत्याच्या मांडीवर ठेवले आणि म्हटले, "आत्या, तुझा विठोबा. मी पुरा करणार आहे."

आत्याने दोन्ही तळहात कापडावर ठेवले. मग बोटांनी वरून खाली सरकत आली. मुकुट, कपाळ, डोळे. खांद्यापाशी आल्यावर बोटे थांबली. ती तोच भाग पुन्हा पुन्हा चाचपू लागली. मग म्हणाली, "हे कोण भरलंय? हे माझं न्हाई. रिंग न लावता भरलंस काय गं?"

मी गप्प. मुलगी माझ्याकडे बघत होती. मग मी सगळे सांगितले. लिंबू, मीठ, उसवणे, लपवणे. मला वाटले आत्या रागावेल किंवा रडेल. तिने फक्त विचारले, "उसवलेले धागे टाकलास का?" टाकले नव्हते, एका पुडीत ठेवले होते. ती पुडी तिने मागून घेतली आणि उशाशी ठेवली.

थोड्या वेळाने मीही विचारले, "आत्या, पण तू रिंग का काढली नाहीस? रिंग काढून घडी घातली असतीस तर डाग पडला नसता." ती म्हणाली, "रिंग काढली असती तर काम ठेवून दिलं असं झालं असतं. रिंग लावून ठेवली म्हंजे उद्या बसायचं हाय." एवढे बोलून ती उठली आणि भिंत धरत आत गेली. मी बराच वेळ ती रिंग हातात घेऊन बसले होते.

दुसऱ्या दिवसापासून आत्या माझी बाई झाली आणि मी विद्यार्थिनी. तिला दिसत नसले तरी हाताला सगळे कळत होते. तिच्याकडून आणि नंतर इकडूनतिकडून जे शिकले ते आता सांगते. ज्यांना मोठे चित्र भरायचे आहे त्यांना उपयोगी पडेल.

पहिला प्रश्न हाच की रिंग लावायचीच कशाला? फुलीचा टाका कापडाची घरे मोजून घालतात. सुई घरातून जाताना हातातले कापड अंगठ्याखाली चुरगळते आणि धाग्याबरोबर ओढले जाते. एखादा टाका घट्ट बसतो, एखादा सैल. दहा टाक्यांत फरक दिसत नाही. पण 154 टाक्यांच्या ओळीत तो साठत जातो, कापड आक्रसते आणि चित्र वरच्यापेक्षा खाली अरुंद होते. माझ्या 640 टाक्यांत नेमके हेच झाले होते. आत्याच्या बोटांना लागलेली ती सुरकुती होती. कापड ताणलेले असले की सुई सरळ खाली जाते, सरळ वर येते आणि प्रत्येक टाक्याला सारखाच ताण मिळतो.

रिंगेत दोन कडी असतात. आतले कडे टेबलावर ठेवायचे, त्यावर कापड पसरायचे, वरून बाहेरचे कडे दाबायचे आणि स्क्रू थोडा आवळायचा. मग कापड चारही बाजूंनी ओढून सारखे करायचे. ओढताना नेहमी धाग्याच्या रेषेत, आडवे किंवा उभे ओढायचे, कोपऱ्याकडे तिरके कधीही नाही. तिरके ओढले की चौकोनी घरे पतंगासारखी होतात आणि विठोबा एका बाजूला कलतो. शेवटी स्क्रू पुरता आवळायचा. बोटाने टिचकी मारली तर हलगीसारखा आवाज आला पाहिजे, असे आत्या म्हणायची. टिचकी मारून आवाज ऐकणे हे तिचे रोजचे काम झाले होते. आवाज बसका आला की म्हणायची, "ढिली हाय, पुन्हा लाव."

कापड सरकू नये म्हणून आतल्या कड्याला जुन्या सुती साडीची बोटभर रुंद पट्टी तिरकी गुंडाळून टोक शिवून टाकायचे. याने पकड चांगली बसते आणि कडेची खूणही कमी उठते. स्क्रू लोखंडी असेल तर तिथे कापडाचा एक तुकडा मध्ये घालायचा. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, उठताना रिंग काढायची. रोज. हाताचा घाम, तेल आणि धूळ कड्याच्या काठाशी साठते आणि तिथे दाबली गेलेली घडी दिवसागणिक पक्की होते. एका रात्रीची घडी पाण्याचा हात लावून, उलट्या बाजूने इस्त्री फिरवून जाते. अनेक वर्षांची जात नाही.

आमच्या शेजारी एक अक्का राहतात, मूळच्या धारवाडकडच्या. त्या एकदा बघायला आल्या आणि म्हणाल्या की आमच्या कसूतीला परंपरेने रिंग लागत नाही. त्यांनी त्यांच्या आईची इलकल साडी आणून दाखवली. पदरावर गोपुर, रथ, हत्ती, तुळशीवृंदावन, सगळे धागे मोजून भरलेले. कसूतीत चार टाके असतात: गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी. मेंथी म्हणजे कन्नडमध्ये मेथी, आणि हा मेंथी टाका म्हणजेच आपली फुली! आत्याला मी साडीवर हात फिरवायला दिला. ती हसून म्हणाली, "नाव येगळं, टाका तोच." कसूतीत गाठ मारत नाहीत, गवंतीचा टाका उलट-सुलट सारखाच दिसतो. मग तिला रिंग का नको? अक्कांचे म्हणणे असे की त्यांची नक्षी सुटी-सुटी आणि हाताएवढी असते, साडी मऊ असते आणि हाताला लहानपणापासून सवय असते. म्हणजे रिंग लावलीच पाहिजे असा काही नियम नाही. रुमालाच्या कोपऱ्यातले फूल हातात धरून खुशाल भरावे. पण एका कापडावर हजारो फुल्या एकमेकींना लागून भरायच्या असतील तर आधार हवा.

मी फेब्रुवारी 2022 पासून रिंग लावून पुढचे काम सुरू केले. आधी कोऱ्या कापडावर दर दहा घरांनी कच्चा दोरा घालून आडव्या-उभ्या रेषा आखून घेतल्या. याने मोजणी चुकत नाही आणि काम झाले की दोरा ओढून काढता येतो. दोन महिने ठीक गेले. मग वेगळीच अडचण आली. चित्र मोठे आणि रिंग लहान, त्यामुळे ती सारखी सरकवावी लागे आणि प्रत्येक वेळी तिची कड भरलेल्या फुल्यांवर येई. फुल्या चेपत होत्या. मध्ये मलमलीचा तुकडा घालून, फक्त काम करायचा भाग मोकळा ठेवून पाहिले, थोडा फरक पडला. मग बीदरहून चौदा इंची रिंग आणली. ती आणखी वाईट! मोठ्या रिंगेत कापड मध्यभागी झोळीसारखे सैल पडते आणि ती एका हाताने धरवतही नाही. माझे मनगट आणि मान दोन्ही दुखू लागली. आठ इंचांपर्यंतची रिंग हातात बरी वाटते, असा माझा अनुभव आहे.

त्याच दिवसांत मुलीच्या चुलत बहिणीच्या लग्नाचा ब्लाऊज शिवायला बीदरला गेलो. तिथे एका खोलीत जरीचे काम चालले होते. खाटेसारख्या मोठ्या लाकडी चौकटीवर कापड ताणून बांधलेले आणि दोन्ही बाजूंना बसून कारागीर टिकल्या, मणी आणि जर भरत होते. उर्दूत या चौकटीला कारचोब म्हणतात आणि तेलंगणात या कामाला मग्गम वर्क म्हणतात. मग्गम म्हणजे तेलुगूत माग. मी ब्लाऊज विसरून ती चौकटच बघत राहिले. दोन लांब दांडे समोरासमोर. त्यांना कापडाची जाड पट्टी ठोकलेली आणि त्या पट्टीला भरायचे कापड शिवलेले. दोन आडव्या पट्ट्या दांड्यांच्या खाचांतून गेलेल्या. त्यांना ओळीने भोके. दांडे लांब सारून भोकात खुंटी घातली की कापड ताणले जाते. उरलेल्या दोन बाजू दोरीने आडव्या पट्ट्यांना ओवून बांधलेल्या. कारागिरांचे दोन्ही हात मोकळे, एक वर आणि एक खाली. काम पुढे सरकले की भरलेला भाग दांड्यावर गुंडाळून घ्यायचा.

मला वाटले, माझ्या कापडाचा प्रश्न इथेच सुटतो. आपल्या बीदरच्या बिदरी कामातही कारागीर कोरण्याआधी भांडे घट्ट बसवून घेतो आणि मगच हत्यार चालवतो. वस्तू हलली की रेघ हलते. कापडाचेही तसेच.

गावातल्या सुतारकाकांनी मला एक लहान चौकट करून दिली. चित्र 14 इंच रुंद, दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच मोकळे कापड, म्हणजे कापड 20 इंच रुंद. म्हणून दोन गोल दांडे 24 इंचांचे आणि बाजूच्या पट्ट्या 14 इंचांच्या. दांड्यांना जुन्या धोतराच्या काठाची पट्टी ठोकली. दांडे फिरवून गच्च बसवायला टोकांना बोल्ट आणि हाताने आवळता येणारे नट लावले. लाकूड पॉलिश पेपरने इतके घासले की कुठेही धागा अडकणार नाही. कापडाची वरची आणि खालची कड त्या पट्टीला शिवताना मात्र मी दोनदा चुकले. एका टोकाला दोन घरे वर आणि दुसऱ्या टोकाला दोन घरे खाली शिवले गेले, त्यामुळे दांडे आवळल्यावर सगळे कापड तिरके ताणले गेले. तिसऱ्या वेळी कापडाच्या एकाच धाग्याच्या रेषेत शिवले, तेव्हा जमले. बाजूच्या कडा पट्ट्यांना दोऱ्याने बांधल्या. एका वेळी दहा-अकरा इंचांचा भाग समोर उघडा राहत होता. गुंडाळताना भरलेल्या भागावर पातळ सुती कापड घालायचे, म्हणजे फुल्या एकमेकींवर दबत नाहीत.

चौकटीची एक कड टेबलावर आणि दुसरी मांडीवर टेकवली की दोन्ही हात मोकळे. डावा हात खाली, उजवा वर. सुरुवातीला खालून सुई नेमक्या घरात येईना. पंधरा दिवसांत हाताला वळण लागले. रात्री उठताना नट सैल करायचे, म्हणजे कापडाला विश्रांती. सकाळी हलगी वाजेपर्यंत पुन्हा आवळायचे. त्यामुळे "उद्या बसायचं हाय" हेही साधले आणि डागही पडला नाही.

बाकी नियम छोटे आहेत. सहापदरी धाग्यातले तीन पदर या जाडीच्या मॅटीला पुरतात. एका इंचात 14 घरांचे बारीक कापड असेल तर दोनच पदर. धागा हातभरच घ्यावा, लांब घेतला तर गुंता होतो आणि घासून विसविशीत होतो. बोथट टोकाची सुई वापरावी. प्रत्येक फुलीचा वरचा टाका एकाच दिशेने यावा, नाहीतर उजेडात ठिगळे दिसतात. आणि ते 640 टाके? ते मी पुन्हा उसवले आणि चौकटीवर पुन्हा भरले. म्हणजे त्या जागी तीनदा भरतकाम झाले, एकदा आत्याचे आणि दोनदा माझे.

या कामात माझी मुलगीही आली. विटेचा भाग तिचा. परीक्षेच्या दिवसांत मी तिला बसू देत नव्हते, तर म्हणायची, "दहा मिनिटं, आई. डोकं शांत होतं." आत्या शेजारी बसून विचारायची, "किती झाल्या?" मुलगी मराठीत आकडा सांगायची. आत्या कधी कधी मुद्दाम मोठे आकडे विचारी, एकोणसाठ की एकोणसत्तर, आणि मुलीची गल्लत झाली की दोघी हसत. शाळेत गणित इंग्रजीत, बाजारात कन्नड, म्हणून मराठी आकडे मुले विसरत चालली आहेत. आमच्या घरात ते त्या चौकटीमुळे पाठ झाले.

मोठे काम एकट्याने आणि एका दमात करायचे नसते, हेही मला कळले. फ्रान्समधला बायोचा प्रसिद्ध पट अकराव्या शतकातला आहे. जवळजवळ 70 मीटर लांब, तागाच्या कापडावर लोकरीच्या धाग्याने भरलेला. तो नऊ तुकड्यांत करून मग जोडलेला आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात 1598 साल भरलेला एक नमुना आहे, त्यावर अक्षरे आणि नक्षी आहे. पुढे तिकडच्या शाळांतून मुली असेच कापडावर टाके आणि अक्षरे एकदम गिरवत. आपल्या रुखवतात मांडलेली मॅटीची तोरणे आणि चित्रे हीही आपल्या घरच्या बायकांची पाटीच म्हणायला हरकत नाही. त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत, पण हात ओळखता येतो. आत्याने माझा ओळखलाच.

2023 च्या आषाढी एकादशीला, 29 जूनला, चित्र पुरे झाले. धुवायचे की नाही यावर घरात चर्चा झाली. यावेळी मी आधी ओल्या पांढऱ्या कपड्याने सगळे रंग तपासले. लाल अजूनही थोडा उतरत होता. म्हणून धुतले नाही. जाड टॉवेलवर पालथे घालून, वर ओलसर कपडा ठेवून हलकी इस्त्री केली. सगळ्या घड्या गेल्या. तपकिरी गोल बराचसा भरतकामाखाली झाकला गेला, पण माळेवरून गेलेला अर्धा गोल नीट पाहिले तर अजून दिसतो. मी आत्याला म्हटले, तेवढ्या फुल्याही उसवून नवीन भरते. ती म्हणाली, "र्‍हाऊ दे. ती माझी खूण हाय."

तसबिरीत घालण्याआधी आम्ही चित्र पुन्हा तिच्या मांडीवर ठेवले. तिने वरून खालपर्यंत हात फिरवला. खांद्यापाशी बोटे थांबली, तेव्हा मी श्वास रोखला. मग ती खाली सरकत विटेपर्यंत गेली. विटेवर थोडा वेळ हात ठेवून तिने विचारले, "हे कोण?" मुलगी म्हणाली, "मी." आत्या म्हणाली, "थोडं घट्ट वढतीस. येईल हळूहळू." मुलीला त्या दिवशी एवढा आनंद झाला की तिने रात्रीच आपल्यासाठी नवे कापड मागितले. माझ्या खांद्याच्या भागाविषयी आत्या काहीच बोलली नाही. ते बोलली नाही म्हणजे जमले, असे मी समजते.

उसवलेल्या धाग्यांची ती पुडी तसबिरीच्या मागे, पुठ्ठ्याच्या आत ठेवली आहे. ते आत्यानेच सुचवले.

विद्यार्थिनींनो, आणि विद्यार्थ्यांनोही, कारण त्या कारचोबवर बसलेले सगळे पुरुषच होते, तुम्हाला शिकायचे असेल तर लहान रिंग आणि हातभर मॅटी घेऊन सुरुवात करा. घरात आजी असेल तर तिच्या शेजारी बसून करा. पालकांनी आणि विश्वस्तांनी विचार करावा अशी एक सूचना आहे. शाळेत शनिवारी एक तास हस्तकलेचा ठेवता आला तर सुतारकाकांनी केलेली चौकट मी आनंदाने शाळेला देईन. तिच्यावर चार मुली समोरासमोर बसू शकत नाहीत, दोघी बसू शकतात. पण तसली दुसरी चौकट करायला फार खर्च येत नाही, आणि मापे वर दिलीच आहेत.

आणि काम बिघडले तर घरी सांगा. मी पंधरा दिवस लपवले, ते दिवस 21,560 फुल्यांपेक्षा जड गेले.